वाचनावरची कविता जागची हलत नाही, काय करावं?

धरमपेठ_वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. इथल्या एका वाचनालयात सातवी-आठवीची बारा मुलं मिळून एक कविता म्हणणार आहेत. विषय असा की वाचताना कल्पना कुठे कुठे फिरून येते. सोळा ओळींच्या आत हवी, आठवडाभरात पाठ व्हायला हवी. मसुदा तयार आहे, सुरुवात अशी:

पुस्तकाच्या पंखांवरती बसुनि जातो दूर
कल्पनेच्या देशामधला ऐकू येतो सूर

पुढच्या दहा ओळी याच चालीवर आहेत. स्वप्नांचं राज्य आहे, ज्ञानाचा सागर आहे, आणि शेवट ‘म्हणून मुलांनो, वाचत राहा’ असा आहे. वाचायला चुकीचं काही वाटत नाही, पण ऐकणारा कुठेच जात नाही, खुर्चीतच राहतो. शिवाय पहिली ओळ म्हणून दुसरीवर येताना मुलं दर वेळी अडखळतात. आणि मुलांना झेपेल असं वृत्त कोणतं, तेही सांगा.

रामगिरी_ते_अलका

ताई/दादा, आधी पहिल्या अडचणीबद्दल, कारण तीच मोठी आहे.

तुमच्या दोन ओळींत ‘दूर’ आहे, पण कुठून दूर आणि कुठवर, ते नाही. ‘कल्पनेचा देश’ हे ठिकाण कोणीच पाहिलेलं नाही, त्यामुळे तिथे पोचल्याची खूणही नाही. प्रवासाला दोन टोकं लागतात. एक टोक वाचणाऱ्याच्या बुडाखाली, दुसरं पुस्तकातल्या गावात. दोन्ही टोकं दिसली की मधलं अंतर ऐकणारा स्वतःच कापतो. ‘कल्पना’ हा शब्द कवितेत एकदाही आला नाही तरी चालतं. माझ्या मते येऊच नये.

याचा धडा नागपूरच्या माणसाला लांब शोधायची गरज नाही. रामटेक इथून पन्नासेक किलोमीटरवर. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, हे संशोधक वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. वाकाटक घराण्याची राणी प्रभावतीगुप्ता, तिच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामीचा उल्लेख येतो आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, रामटेकच्या पायथ्यालगतच आहे. मेघदूताचा जुना टीकाकार मल्लिनाथ चित्रकूट म्हणतो, काही जण छत्तीसगडातल्या रामगढकडे बोट दाखवतात. तुमच्या कामापुरतं रामटेक पुरे, कारण मुलं तो डोंगर चढून आलेली असतात.

आता रामगिरीवरचा यक्ष काय करतो ते पाहा. त्याला दूर कैलासाजवळच्या अलकेत असलेल्या बायकोला ढगाकरवी निरोप धाडायचाय. तो वर्षभराच्या शापात अडकलाय, जागचा हलू शकत नाही. वाचकाचीही तीच अवस्था असते: बसलाय एका जागी. यक्ष ढगाला वाट सांगतो, आणि नुसतं ‘उत्तरेला जा’ असं म्हणत नाही. माल नावाच्या पठारावर नुकत्याच नांगरलेल्या शेताचा वास येईल. आम्रकूटावर, म्हणजे बहुतेकांच्या मते अमरकंटकावर, पिकल्या आंब्यांनी डोंगर पिवळा झालेला असेल. विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर फुटलेली रेवा, म्हणजे नर्मदा, दिसेल, हत्तीच्या अंगावर पट्टे ओढून काढलेल्या नक्षीसारखी. दशार्ण देशात कुंपणं केवड्याच्या टोकांनी फिकट पांढरी झालेली, गावच्या झाडांवर कावळ्यांची घरटी बांधायची गडबड, जांभळीची वनं पिकल्या फळांनी काळी. मग विदिशा नगरी, वेत्रवती नदी. तिथून कैलास उत्तरेला, पण यक्ष म्हणतो, वाट वाकडी पडली तरी चालेल, उज्जयिनी बघून जा. विदिशेहून उज्जैन पश्चिमेला आणि किंचित दक्षिणेला आहे, नकाशात बोट ठेवून बघा. हा आडवळणाचा मुक्कामच वाचनाच्या जास्त जवळचा वाटतो मला. निघालो एका गोष्टीसाठी आणि रमलो भलत्याच गावात.

त्याहून महत्त्वाची एक जागा सुरुवातीलाच आहे. कवी आधी कबूल करतो की ढग म्हणजे धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा गोळा. निरोप न्यायला जिवंत माणूस लागतो. हे सांगून झाल्यावर तो ढगाला निरोप देतो. आधी वस्तू आहे तशी दाखवली, म्हणून पुढचा प्रवास आपण मान्य करतो. तुमच्या कवितेत पुस्तकाला पहिल्याच शब्दाला पंख फुटलेत. त्याआधी ते कागद, शाई, दोरा आणि खळ असायला हवं. कुठलं पान दुमडलंय, बांधणीतून कोणता दोरा सुटलाय, हे दिसू द्या.

करायचं असं. मुलांना मेघदूताच्या मराठी अनुवादातली चार-पाच कडवी वाचून दाखवा. कुसुमाग्रज, शांता शेळके, चिंतामणराव देशमुख या तिघांचेही अनुवाद आहेत. कडवी मात्र निवडून घ्या. पूर्वमेघात, म्हणजे मेघदूताच्या पहिल्या भागात, शृंगार भरपूर आहे, आम्रकूटाची उपमासुद्धा या वयाला नको. नांगरलेलं शेत, रेवा, दशार्ण आणि ढग कशाचा बनतो ते कडवं, एवढी पुरतात. मग वहीत तीन रकाने पाडायला सांगा. पहिल्यात पुस्तकातली जागा, दुसऱ्यात तिथला एकच वास, आवाज किंवा स्पर्श, तिसऱ्यात आपल्या खोलीतली अशी वस्तू जिच्यावरून तो आठवेल. तिसरा रकाना मुलं रिकामा सोडतात, आणि कविता तिथेच उभी राहते. मे महिन्यात कूलरच्या ताट्या भिजल्या की जो ओला वास येतो, तो आणि नांगरलेल्या मातीचा वास किती जवळचे आहेत, हे इथल्या पोराला समजवावं लागत नाही.

लगक्रम

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी अडखळण्याबद्दल लिहितो.

तुमच्या ओळी मोजल्या. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. अनुस्वार असलेलं अक्षर दोन मात्रांचं. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तर मागचंही दोनचं, म्हणून ‘पुस्तक’मधला ‘पु’ दोन.

पुस्तकाच्या ७, पंखांवरती ८, बसुनि ३, जातो ४, दूर ३. बेरीज २५.
कल्पनेच्या ७, देशामधला ८, ऐकू ४, येतो ४, सूर ३. बेरीज २६.

म्हणजे गोची ‘बसुनि’त आहे. जुन्या कवितेसारखं दिसावं म्हणून ‘बसून’चं ‘बसुनि’ केलं आणि तिथेच एक मात्रा गेली. साधं ‘बसून जातो दूर’ लिहा, ४+४+३, दोन्ही ओळी २६ होतात आणि अडखळणं थांबतं. दोन्ही ओळींचा पहिला गट आठाऐवजी सातच भरतो. पण तो दोन्हीकडे सारखाच तोकडा असल्याने कान चालवून घेतो. ‘पुस्तकाचिया’ केलं तर आठ भरतील, पण आजची मुलं ‘पुस्तकाचिया’ म्हणत नाहीत, म्हणून तो उपाय मी करणार नाही. मात्रा भरायला शब्द जुना करण्यापेक्षा शब्दच बदलावा.

मोजताना नेहमी होणारी एक चूक. प्रत्येक जोडाक्षर मागच्या अक्षराला जड करत नाही. ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘तुझ्या’, ‘दुसऱ्या’ मोठ्याने म्हणून बघा. ‘तु’वर, ‘पु’वर, ‘स’वर जोर येतो का? नाही. म्हणून तिथे एकच मात्रा. नियम डोळ्याने लावू नका, कानाने लावा.

आता वृत्त. मेघदूत मंदाक्रांतेत आहे: ओळीत १७ अक्षरं, थांबे ४, ६ आणि ७ वर. पहिली ओळ घ्या. ‘कश्चित्कान्ता’ चारही गुरू, म्हणजे दोन मात्रांची अक्षरं, पावलं टाकल्यासारखी. ‘विरहगुरुणा’ पाच लघू, म्हणजे एका मात्रेची, आणि एक गुरू, एकदम धावतं. मग ‘स्वाधिकारात्प्रमत्तः’ झुलत झुलत खाली येतं. ढगाची चाल आहे ही. ती मुलांना ऐकवा जरूर, पण त्यात लिहायला लावू नका. सलग पाच लघूंचे शब्द मराठीत शोधायला गेलं की अर्थ हातचा जातो आणि उरतात ‘झरझर’, ‘सळसळ’.

तुमच्यासाठी देवद्वार छंद, म्हणजे मोठ्या अभंगाचा साचा. चार चरण, अक्षरं ६, ६, ६, ४. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. इथे मात्रा मोजायच्या नाहीत, अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. मुलं बोटांवर मोजू शकतात. आणि चाल आधीच प्रत्येकाच्या कानात असते, पाठांतराचं निम्मं काम तिथेच होतं. दुसरा फायदा आशयाचा आहे: शेवटचा चरण चारच अक्षरांचा, त्यामुळे तिथे आलेला शब्द एकटा उभा राहतो. तो शब्द खोलीतला ठेवा. पहिल्या तीन चरणांत लांबचं गाव आणि चौथ्यात घर, म्हणजे रामगिरीकरांनी म्हटलेली दोन्ही टोकं एका कडव्यात बसली. नमुना:

पान उलटता
मातीचा ये वास
नांगराचे तास
खाटेपाशी

तास म्हणजे नांगराने पडलेली सरी. छापलेल्या पानाकडे तिरपं पाहिलं तर ओळीही तशाच दिसतात, पण ते कवितेत सांगत बसायचं नाही. आणखी एक:

बोट ओळीवर
पुढे आला घाट
चढणीची वाट
उशीवर

‘जणू’, ‘जसा’, ‘भासे’ यातला एकही शब्द वापरू नका. ‘खाटेपाशी जणू तास’ म्हटलं की वाचणारा लगेच भानावर येतो.

मोकळी_ओळ

अभंगाचा साचा सोपा हे खरं, पण एक वेगळा मुद्दा मांडतो. विदर्भातच मुक्तछंदाची मोठी परंपरा आहे, कवी अनिलांमुळे. त्यांनीच दहा ओळींची दशपदी रुजवली, ‘दशपदी’ला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. वाचताना मन जसं आडवाटेला जातं तसं ते सहा-सहा अक्षरांत कोंबायचं कशाला? आठवीची मुलं मुक्तछंदात जास्त खरं लिहितील असं मला वाटतं.

लगक्रम

लिहिण्यासाठी तुमचं बरोबर आहे, पहिला खर्डा मुक्तच होऊ द्या. इथे मात्र बारा मुलांना एका सुरात म्हणायचंय. मुक्तछंदात प्रत्येकाचा थांबा वेगळा पडतो, आणि बारा जण बारा जागी श्वास घेतात. एकाच मुलाने म्हणायची असती तर मीही मुक्तछंदच सुचवला असता. आणि दशपदीबद्दल: दहा ओळींची असली तरी ती लयीत बांधलेली असते. ‘लहान आहे’ म्हणून ती मुलांकडे सोपवू नये.

दमसास

म्हणण्याबद्दल थोडं.

६-६-६-४ मध्ये नेहमीची चूक शेवटच्या चरणात होते. आधीच्या सहाची सवय लागलेली असते म्हणून मुलं चाराचे सहा करतात: ‘खाटेपाशीऽऽ’. त्यामुळे जो शब्द उठून दिसायला हवा तोच गायनात विरघळतो. उपाय टाळीचा. पहिल्या तिन्ही चरणांना सहा-सहा टाळ्या, चौथ्याला चार, आणि पुढच्या दोन टाळ्यांच्या जागी हात मांडीवर, तोंड बंद. तीन-चार दिवस असं केलं की टाळी सोडली तरी ती शांतता राहते. त्या दोन ठोक्यांतच ऐकणारा खाटेपाशी पोचतो.

श्वास दुसऱ्या चरणानंतर अर्धा आणि चौथ्यानंतर पूर्ण. पहिल्या चरणानंतर श्वास घेऊ देऊ नका. ‘पान उलटता’ म्हणून थांबलं की वाक्य तुटतं.

सगळ्यांनी सगळं म्हणू नये. तीन गट करा, चार-चारचे. पहिले तीन चरण तिन्ही गटांनी मिळून, चौथा चरण फक्त एकाच मुलाने, आणि आवाज वर न नेता. गाव सगळ्यांचं, खोली एकाची. यमकावर जोर देणं तर आधी थांबवा. ‘वास’ आणि ‘तास’वर मुंडी हलली की ती पाढे म्हटल्यासारखी होते. माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित बाजूला, नाहीतर ‘पान’, ‘पुढे’, ‘पुस्तक’ या प्रत्येक ‘प’ला फट्ट आवाज येईल. तुमच्या विषयात ‘प’ला पर्याय नाही.

चार कडवी पुरेत. सावकाश म्हटलं तर एका कडव्याला शांततेसकट दहाएक सेकंद. पाऊण मिनिटात संपेल आणि ते कमी वाटू देऊ नका. वाटल्यास तीच चार कडवी दुसऱ्यांदा एकाच मुलाकडून नुसती वाचून घ्या, चालीशिवाय.

धरमपेठ_वाचनकट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रकान्यांचा प्रयोग काल केला. तिसरा रकाना सात जणांनी रिकामाच ठेवला होता, तुम्ही म्हणालात तसाच. मग ‘डोळे मिटून खोलीत काय ऐकू येतं ते लिहा’ म्हटल्यावर बहुतेकांनी कूलर लिहिला. इथल्या मुलाला समुद्र फार लांब, तो कूलरमधूनच आला. जुना मसुदा पूर्ण सोडला, ‘वाचत राहा’ही काढलं. दुसरं कडवं तुमचंच ठेवलंय, बाकी मुलांच्या टिपणांतून:

भर दुपारला
कूलरची गाज
लाटांचा आवाज
पानातून

पान उलटता
मातीचा ये वास
नांगराचे तास
खाटेपाशी

जांभळांचे बन
ओळीत पिकले
ओठ निळे झाले
वाचणाऱ्याचे

पुस्तक मिटता
ऊन तेच दारी
वाळू पायांवरी
अजूनही

तिसरं कडवं म्हणताना काहीतरी खटकतं.

रामगिरी_ते_अलका

चौथं कडवं फार चांगलं झालंय. पुस्तक मिटल्यावरही वाळू पायावर राहते, आणि ती पहिल्या कडव्यातल्या लाटांकडून आलेली आहे. त्याला हात लावू नका. ‘दुपारला’ही तसंच ठेवा. ते आपल्या भागातलं आहे, कोणी ‘दुपारी’ करायला सांगेल, करू नका. तसंही ‘दुपारी’ केलं तर एक अक्षर कमी पडेल.

एकच शंका पहिल्या कडव्याबद्दल. ‘पानातून’ हा शेवट खोलीतला की पुस्तकातला? दोन्ही, आणि मला ते चालतं. सुरुवातीच्या कडव्यात पुस्तक हातात आहे हे कळायला तोच एक शब्द आहे.

लगक्रम

तिसऱ्यातली खोट दोन जागी आहे. ‘वाचणाऱ्याचे’ पाच अक्षरं: वा-च-णा-ऱ्या-चे. दमसास यांनी सांगितलेली टाळी लावलीत तर पाचवी टाळी शांततेच्या जागेवर पडेल, मुलांना तेच खटकतंय. शिवाय ओठ वाचणाऱ्याचे आहेत हे वेगळं सांगायला नको, वाचतंय कोण ते माहीत आहे. ‘वाचताना’ करा.

दुसरी जागा यमकाची. ‘पिकले’ आणि ‘झाले’ यात फक्त ‘ले’ जुळतो, त्याआधी एकीकडे ‘अ’ आणि दुसरीकडे ‘आ’. ‘दारी’ आणि ‘वरी’तही तसंच आहे, पण तिथे ‘री’ आहे आणि अभंगात ते चालून जातं. शिवाय ते कडवं मोडण्यासारखं नाही. इथे सहज सुधारतं. ‘निळे झाले’ यात जांभूळ खाल्ल्याची कृतीही नाही, नुसता रंग आहे.

जांभळांचे बन
ओळीत पिकले
ओठही माखले
वाचताना

अक्षरं मोजून घ्या: ओ-ठ-ही-मा-ख-ले, सहा. ‘ही’वर जोर देऊ नका म्हणावं मुलांना, ‘माखले’वर जाऊ द्या.